ज्वारीच्या दाण्याचं ग्रीक नाव

आमच्या गावच्या देवऋषीच्या दारावर गेली तीन वर्षं एक फ्लेक्स लागलेला आहे. वर देवाचा फोटो, खाली गॉगल लावलेला त्याचा स्वतःचा फोटो, आणि मधोमध ठसठशीत अक्षरांत 'क्लेरोमन्सी तज्ज्ञ'. तीर्थपुरीहून गावाकडे येणारा रस्ता त्याच्या दारावरूनच जातो, त्यामुळे माहेरी जायचं म्हटलं की हा फ्लेक्स मला बघावाच लागतो. हा शब्द त्याला मी दिला. फुकट दिला आणि चेष्टेनं दिला. आमच्याकडे चेष्टेत दिलेली गोष्ट माणसं किती मनापासून घेतात, याचा अंदाज मला असायला हवा होता. पण मी पडले इंग्रजीची प्राध्यापिका, आणि प्राध्यापकांना अंदाजाची गरज नसते, त्यांना आधीच सगळं माहीत असतं. पुढे याच शब्दापायी माझ्या सख्ख्या भावाच्या जिवाचा निर्णय माझ्या हातात येऊन पडला.

मी जालन्यात राहते आणि बदनापूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवते. शिकवते म्हणजे मुलं पास होतील एवढं बघते. बाकी वेळात मला शब्द कुठून आले ते शोधायचा नाद आहे. स्टाफरूममध्ये या नादाची किंमत काय, तर मी तोंड उघडलं की दोघं-तिघं चहाला जातात. त्यामुळे गावच्या हायस्कूलनं स्नेहसंमेलनाला 'गावची लेक' म्हणून भाषणाला बोलावलं तेव्हा मी हरखून गेले. दोनशे माणसं, आणि चहा भाषणानंतर. कुणाला उठून जाता येणार नव्हतं.

विषय मी रागातून निवडला. त्याच वर्षी दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, तळहातावर नारळ उभा राहिला म्हणून त्या जागी बोअर घेतला होता. पाणी लागलं नाही, नुसता फुफाटा उडाला. पुन्हा वर तो मलाच म्हणाला, 'नारळ बराबर होता, जागा चुकली.' आमच्या घराण्याची ही जुनी खोड. आजोबांपर्यंत मेंढरं होती, वडिलांनी शेती धरली, दादानं मोसंबीची बाग लावली. धंदा बदलला, पण दाणे पाहिल्याशिवाय घरात पान हललं नाही. दाणे पाहणं म्हणजे असं: घरची मूठभर ज्वारी घ्यायची, प्रश्न मनात धरून मूठ कपाळाला लावायची आणि देवऋषीपुढच्या घोंगडीवर ठेवायची. तो त्यातले चिमूटभर दाणे बाजूला काढतो आणि दोन-दोन करून मोजतो. सगळे जोडीनं गेले तर देवाचा होकार, शेवटी एकटा दाणा उरला तर नकार. मेंढरं कधी विकायची, विहीर कुठं खणायची, पोरगी कुठल्या घरी द्यायची, सगळं यावर. नाणं उडवून क्रिकेटवालेही हेच करतात, पण त्यांचा कप्तान निदान नाण्याला नारळ फोडत नाही.

तर मी ठरवलं, गावाला जरा आरसा दाखवायचा. सरळ बोललं तर माणसं चिडतात, म्हणून इंग्रजीच्या आडून बोलायचं. भविष्य पाहण्याच्या पद्धतींना इंग्रजीत जी नावं आहेत, ती कुठून आली ते सांगायचं. साहेबसुद्धा एकेकाळी किती खुळा होता हे ऐकलं की आपलं खूळ आपल्याला दिसेल, असा माझा हिशेब. किती हुशार हिशेब होता ते पुढे कळेलच.

सुरुवात केली ती 'मन्सी'पासून. ग्रीक लोक भविष्य सांगणाऱ्याला मँटिस म्हणत. पुढचे दोन पाय जोडून, जप करत बसल्यासारखा दिसणारा तो हिरवा किडा असतो ना, त्यालाही इंग्रजीत तेच नाव आहे. मँटिसचं जे काम, ते मँटिया. लॅटिन आणि फ्रेंच अशी दोन घरं करून ते इंग्रजीत आलं तोवर त्याचं मन्सी झालं होतं. मग तीन-चारशे वर्षांपूर्वी तिकडच्या पंडितांना नादच लागला. कोणतीही वस्तू घ्यायची, तिचं ग्रीक नाव काढायचं आणि मागं मन्सी डकवायची. अक्षरांवर दाणे मांडून कोंबडा कोणते टिपतो ते बघायचं, ही अलेक्ट्रिओमन्सी. गोल गोल फिरायचं आणि चक्कर येऊन कुठं पडतो ते बघायचं, ही जायरोमन्सी. उंदरांची पळापळ बघायची, ही मायोमन्सी. बाळाच्या नाळेवरच्या गाठी मोजून आईला अजून किती पोरं होणार ते सांगायचं, तर ती ऑम्फॅलोमन्सी. यातल्या कितीतरी विद्या कुणी कधी केल्या की नाही याचा पत्ता नाही, नावं मात्र शब्दकोशात पक्की. कागदावरच्या शेततळ्यासारखं. खड्डा कुणी बघितला नाही, पण नोंद आहे.

मला रंग चढला. म्हटलं, तुम्ही लग्नपत्रिकेवर इंग्रजीत 'ऑस्पिशस' छापता, त्याचा मूळ अर्थ पक्षी बघणं. रोमन लोक कुठलंही मोठं काम काढण्याआधी पक्षी कुठून उडाले, कसे ओरडले ते बघायचे. आपण पक्षी बघत नाही, मंगल कार्यालय रिकामं आहे का ते बघतो. 'डिझास्टर' म्हणजे वाईट तारा. 'इन्फ्लुएंझा' म्हणजे ताऱ्यांचा प्रभाव. इटलीत नाकं गळायला लागली की माणसं रुमालाआधी आकाशाकडं बघत. मुलं हसली. शिक्षकही हसले, म्हणजे मुलं हसली हे बघून हसले. मग मी माझी हुकमी गोष्ट काढली. एका रोमन सेनापतीनं लढाईआधी पवित्र कोंबड्यांपुढं दाणे टाकले. कोंबड्या दाण्याला तोंड लावीनात. मोठा अपशकुन. सेनापती वैतागून म्हणाला, 'खात नाहीत तर पाणी पिऊ द्या,' आणि कोंबड्या समुद्रात फेकून दिल्या. मग लढाई हरला.

इथं मी हशा यायची वाट बघत थांबले. मागच्या रांगेतून एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, 'मंग कोंबड्यायचं खरं झालं की!'

त्या दिवसातल्या सगळ्यात जास्त टाळ्या त्याला पडल्या. नंतर अध्यक्ष उठले आणि म्हणाले, 'ताईंनी आज सिद्ध केलं, की आपल्या शास्त्राला परदेशातसुद्धा मान्यता आहे.' मला शाल दिली, नारळ दिला. नारळ मी तळहातावर घेतला नाही, काखोटीला मारला.

संध्याकाळी दादाच्या ओसरीवर देवऋषी चहाला हजर. पांढरी पँट, कपाळभर भंडारा. म्हणाला, 'ताई, सगळ्यायचे नाव सांगितले तुम्ही. आपल्या दाण्याला काय म्हणत्यात इंग्रजीत?'

मी म्हटलं, 'क्लेरोमन्सी. क्लेरोस म्हणजे चिठ्ठी काढताना टाकायचा खडा किंवा लाकडाचा तुकडा. त्याच शब्दापासून इंग्रजीत पाद्र्यांच्या जमातीचं 'क्लर्जी' हे नाव आलं, आणि पाद्री तेवढे लिहिता-वाचता येणारे म्हणून त्यांच्यापासून क्लार्क आला. म्हणजे तुमचा दाणा आणि तहसीलमधला क्लार्क एकाच घरचे. दोघांकडंही काम होईल की नाही ते नशिबावर.'

मला वाटलं, बाण बरोबर बसला. तो म्हणाला, 'पहिला शब्द जरा लिहून द्या.' मी संमेलनाच्या पत्रिकेच्या मागं लिहून दिला. आठ दिवसांत फ्लेक्स लागला.

माझीही कीर्ती झाली. गावाला असा बोध झाला, की ताईला चाळीस विद्या येतात आणि त्याही इंग्रजीतून. मी वर्गात असताना एकाचा फोन, कोंबडा कोणत्या वारी दाण्यांपुढं बसवावा. एका बाईनं तव्यावरच्या भाकरीचे डाग कसे पडले त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली लिहिलं, 'मॅडम, अर्थ काय?' मी लिहिलं, आच जास्त झाली. तिनं हात जोडलेली सहा चित्रं पाठवली आणि दुसऱ्या दिवशी सासूशी असलेलं भांडण मिटवलं. मी रागावून बघितलं. त्यानं तर कामच बिघडलं, कारण आमच्याकडे रागीट माणसाची विद्या जास्त पक्की समजतात. गोड बोलणारा महाराज कुणी बघितलाय?

इथवर सगळी गंमत होती.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाला बागेत झाडांना आळी करताना दादाच्या छातीत कळ आली. तो बांधावर बसला, घाम पुसला आणि पुन्हा खोरं उचललं. वहिनीनं आरडाओरडा करून त्याला जालन्याला आणलं. अँजिओग्राफी झाली. तीन रक्तवाहिन्या बंद. डॉक्टर म्हणाले, बायपास करावी लागेल, संभाजीनगरला न्या, आठ-दहा दिवसांच्या वर थांबू नका. दादानं सगळं नीट ऐकून घेतलं, डॉक्टरांना नमस्कार केला, आणि माझ्या घरी येऊन सोफ्याच्या कडेवर बसून म्हणाला, 'दाणे बघून येतो, मंग सांगतो.'

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हटलं, 'अरे, डॉक्टरांना पडद्यावर स्वच्छ दिसलंय सगळं!'

'त्यान्ला दिसलं,' दादा म्हणाला. 'मला कुठं दिसून राह्यलं? छाती माही फाडणारेत.'

तो गावाकडं गेला. आता क्लेरोमन्सी तज्ज्ञाची फजिती बघा. मेंढरं, बोअर, सोयरीक यांत देव चुकला तरी निभतं. बोअरची जागा चुकली म्हणता येतं. हृदयाची जागा चुकली असं म्हणता येत नाही. होकार दिला आणि माणूस टेबलावर गेला, तरी गाव फ्लेक्स फाडणार. नकार दिला आणि माणूस बागेत गेला, तरी फाडणार. त्यानं दाण्याला हातच लावला नाही. म्हणाला, 'ही केस माझ्या आवाक्यातली न्हाई. तुझ्या बहिणीकडं ने. तिला मुळापासून येतंय.' जालन्याचे डॉक्टर जसे पुढं संभाजीनगरला पाठवतात, तसं देवऋषीनं दादाला मागं जालन्याला पाठवलं. चिठ्ठी तेवढी दिली नाही.

रविवारी सकाळी दादा आणि वहिनी दारात उभे. दादाच्या हातात फडक्यात बांधलेली ज्वारी. मी दारातच सुरू झाले. मी शिकलेली बाई आहे, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, शब्दाचा अर्थ सांगणं वेगळं आणि विद्या येणं वेगळं. दादा चप्पल काढून शांतपणे खाली सतरंजीवर बसला. वहिनीनं मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

'ताई,' ती म्हणाली, 'तुम्ही हो म्हणलात तर ते जातील. दुसऱ्या कोणाचं बिलकुल ऐकून राह्यले न्हाईत. दिवस चाललेत. काल जिना चढताना दोनदा बसले. तुम्हाला काय मंत्र म्हणायचा तो म्हणा, पण हो म्हणा.'

तिचा आवाज फुटला नाही, नुसता बारीक होत गेला. मी पदर खोचला आणि बाहेर आले.

खरं सांगायचं तर मला त्यात थोडी मजाही वाटली. म्हटलं, किती सोपं आहे! अंधश्रद्धेला तिच्याच हत्यारानं मारायचं. भरभर मोजायचं, 'जोड' म्हणायचं, संपलं. देवऋषीच्या घोंगडीपुढं बसून पन्नास वर्षं हे बघत आलेला माणूस समोर बसलाय, आणि त्याची नजर पिकावरची अळी पानाआडून टिपणारी आहे, हे मला त्या वेळी आठवलं नाही. दादानं मूठ कपाळाला लावली. डोळे मिटले. ओठ हलले. मग ज्वारी सतरंजीवर ओतली. मी चिमूट काढली आणि मोजायला लागले. दोन, दोन, दोन. माझ्या बोटांना सवय नाही, दाणे निसटत होते. वहिनी दाराला टेकून उभी. मध्येच माझं लक्ष चिमटीतल्या उरलेल्या दाण्यांकडं गेलं. सात होते.

माझा या कशावर विश्वास नाही, हे मी आयुष्यभर सांगत आले. तरी ते सात मी नजरेनं पुन्हा मोजले. दोन, दोन, आणि तिसरी जोडी पुढं सारताना मी हात फिरवला आणि सातवा दाणा माझ्या उजव्या गुडघ्याखाली घेतला.

'जोड,' मी म्हणाले.

दादानं त्या जोड्यांकडं बराच वेळ बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग दाणे फडक्यात गोळा केले, गाठ मारली आणि म्हणाला, 'बराबर. उद्या जाऊ.' वहिनी तिथंच खाली बसली. मी चहा टाकायला उठले तेव्हा तो दाणा साडीला चिकटून स्वयंपाकघरापर्यंत आला. मी तो ओट्यावरून सिंकमध्ये उडवला आणि स्वतःवर बेहद्द खूश झाले. विज्ञानाचा विजय झाला होता, थोडी लबाडी करून.

ऑपरेशनच्या सकाळी दादाला हिरवा झगा घातला होता. टोपी काढल्यामुळे त्याचं कपाळ पांढरं दिसत होतं, उन्हानं न रापलेलं. मी त्याला असा बोडका लहानपणापासून कधी बघितला नव्हता. वहिनी खाली कागदांवर सही करायला गेली होती. न्यायला येणारे अजून यायचे होते. दादा म्हणाला, 'बाई, एक सांगू का?'

'सांग ना.'

'दाणा गुडघ्याखाली सारल्ता तू.'

वर्गात तोंडाला कुलूप लावायला सांगते, ते स्वतःला लागलं.

'म्या तव्हाच बघितलं,' तो म्हणाला. 'तुह्या वहिनीपुढं बोललो न्हाई.'

'मग आलास कशाला?'

'देव न्हाई म्हणला. तू हो म्हणली.' त्यानं झग्याची नाडी बोटाला गुंडाळली. 'लई इचार केला. तू परीक्षेत कॉपी धरती. कोणाला सोडत न्हाईस. आपल्या चुलत्याच्या नातवालाबी धरलं, भावकी दोन वर्षं बोलत नव्हती, तरी तू हलली न्हाईस. अन् माझ्यासाठी तू कॉपी केली. म्हणलं, हिला एवढं भ्याव वाटून राह्यलं, मंग जाऊ.'

तेवढ्यात स्ट्रेचर आलं. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी जत्रेत ठेवायचा तसा, आणि ते त्याला घेऊन गेले.

दादा वाचला. हे आत्ताच सांगून टाकते. पण त्या साडेचार तासांत मला ते माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं, की मी त्याला धीर दिला अशा भ्रमात होते आणि मी त्याला काहीच दिलं नव्हतं. तो आत टेबलावर झोपला होता तो देवानं नको म्हटलंय असं समजून. ज्या माणसानं विचारल्याशिवाय एक मेंढरू विकलं नाही, तो मला भीती वाटते म्हणून त्याच्या देवाचा शब्द मोडून आत गेला होता. माझ्या विज्ञानानं, व्युत्पत्तीनं, भाषणानं यातलं काही केलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

वहिनी येऊन शेजारी बसली. पदराचं टोक तिनं मुठीत घट्ट धरलं होतं. मग हळूच म्हणाली, 'ताई, दाणे जोडीनंच आल्ते ना?'

'हो, वहिनी,' मी म्हणाले. 'जोडीनंच.'

'मंग झालं,' ती म्हणाली, आणि किती दिवसांनी तिचा डोळा लागला. तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मला हलता येईना. समोर ऑपरेशन थिएटरचं दार होतं, त्यावर लाल दिवा होता. मी डोळे मिटले आणि ज्याच्यावर माझा विश्वास नाही त्याला मनातल्या मनात म्हणाले, दाणा मी लपवला, त्यानं नाही. तो नकार माझ्या नावावर घे, त्याच्या नको.